विहीर जागची हलली नव्हती

(सामुदायिक रेडिओवरून झालेलं भाषण)

आम्ही लातूर जिल्ह्यातला अहमदपूर तालुका आणि नांदेड जिल्ह्यातला कंधार तालुका, या दोन्हींच्या शिवेवरच्या गावांतल्या बचत गटांच्या बाया बोलतोय. आज बोलायचं आहे ते नकाशाबद्दल. नकाशा म्हटलं की वाटतं, हे तलाठ्याचं, मोजणीवाल्यांचं, इंजिनियरचं काम. आपला काय संबंध? आम्हालाही तसंच वाटायचं. पण नकाशाची एक चूक आमच्याच हातून झाली आणि त्यापायी आमच्याच एका मैत्रिणीचा अख्खा उन्हाळा गेला. ती चूक कशी झाली, कशी सापडली आणि ती निस्तरताना आम्ही काय शिकलो, ते तुम्हाला सांगतो. म्हणजे तुमच्या गावात ती होणार नाही.

आमच्या गटात एक बाई आहेत. मालक वारून सात वर्षं झाली. दोन लेकरं, अडीच एकर कोरडवाहू रान. त्यांनी रोजगार हमीतून सिंचन विहिरीसाठी अर्ज केला. सातबारा, आठ-अ, जॉब कार्ड, ग्रामसभेचा ठराव, सगळे कागद लावले. दोन महिन्यांनी अर्ज परत आला. शेरा असा होता की विहिरीची जागा गावाच्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत येते.

आता हा नियम वाईट नाही, हे आधी सांगितलं पाहिजे. महाराष्ट्रात १९९३ साली पिण्याच्या पाण्याच्या रक्षणासाठी भूजलाचा कायदा झाला. सगळ्या गावाची तहान ज्या विहिरीवर भागते, तिच्याशेजारी कुणी खोल विहीर घेतली तर तिचं पाणी ओढलं जातं. म्हणून ५०० मीटरचं अंतर ठेवलं. ज्यांनी उन्हाळ्यात टँकरमागे घागरी घेऊन पळापळ केली आहे, त्यांना हा नियम समजावून सांगायची गरज नाही.

पण आम्ही चक्रावलो ते वेगळ्याच गोष्टीनं. त्या बाईंचं रान गावाच्या उगवतीला. पिण्याच्या पाण्याची विहीर गावाच्या मावळतीला, ओढ्याकाठी. मधे सगळं गावठाण. लहान लेकरू सुद्धा सांगेल की ही दोन ठिकाणं जवळ नाहीत. मग कागदावर ती जवळ कशी आली? विहीर काय चालत आली?

विचारपूस केली तेव्हा कळलं की अंतर मोजलं होतं नकाशावर. गावाच्या आराखड्याला पाण्याच्या ठिकाणांची यादी जोडलेली होती, त्या यादीवरून. आणि ती यादी आम्हीच केलेली होती.

त्या यादीची गोष्ट अशी. २०१६ चा दुष्काळ तुम्हाला आठवत असेल. एप्रिल महिन्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. शहराला रेल्वे आली, पण आमच्यासारख्या गावांना रेल्वे कुठली? त्या वर्षी आमच्या ध्यानात आलं की गावात पाणी नेमकं कुठं कुठं आहे, याची धड यादीच कुणाकडं नाही. कुठला आड उन्हाळाभर टिकतो, कुठला हातपंप फेब्रुवारीतच खरखर करतो, कुणाच्या बोअरला रात्री पाणी येतं, हे बायांना ठाऊक होतं, पण कागदावर नव्हतं. पुढं काही वर्षांनी गटात मोबाईल आले, तेव्हा आम्ही ठरवलं की पाच गावांतली पाण्याची सगळी ठिकाणं लिहून काढायची आणि प्रत्येकाचं लोकेशन घ्यायचं. आड, विहीर, बोअर, हातपंप, शेततळं, पाण्याची टाकी, काही सोडायचं नाही.

लोकेशन म्हणजे दोन आकडे असतात. एक अक्षांश आणि दुसरा रेखांश. अक्षांश सांगतो की विषुववृत्तापासून आपण उत्तरेला किती, आणि रेखांश सांगतो की इंग्लंडातल्या ग्रीनिच गावावरून जाणाऱ्या रेषेपासून पूर्वेला किती. लातूर शहराचा अक्षांश साधारण १८.४० आणि रेखांश ७६.५८. नांदेडचा अक्षांश १९.१५ आणि रेखांश ७७.३२. म्हणजे आपल्या भागात अक्षांश १८-१९ च्या आसपास आणि रेखांश ७६ ते ७८ च्या आसपास असायला पाहिजे. एवढं लक्षात ठेवलं तरी निम्म्या चुका नुसत्या नजरेनं पकडता येतात. गावात नवऱ्यामुलाचं वय ऐकलं की आपण लगेच म्हणतो ना, एवढं कसं असेल? तसंच आहे हे.

आमच्या गटातल्या एका बाईंची लेक नांदेडला भूगोल शिकते. आम्ही वह्या तिच्याकडं दिल्या. तिनं ती सगळी माहिती संगणकात भरली. क्यूजीआयएस आणि पोस्टजीआयएस अशी दोन साधनं आहेत, दोन्ही फुकट मिळतात. एकात नकाशा दिसतो, दुसऱ्यात माहिती साठवली जाते. साठवण म्हणजे काय, तर आपल्या स्वयंपाकघरातली मांडणी समजा. डबे ओळीनं लावलेले, प्रत्येकावर चिठ्ठी. फरक एवढाच की इथं प्रत्येक डब्याला तो जमिनीवर कुठं आहे तेही ठाऊक असतं. त्यामुळं त्याला विचारता येतं, या हातपंपाच्या शेजारी आणखी काय काय आहे?

सगळं भरून झालं आणि पोरीचा फोन आला. म्हणाली, “मावशी, तुमचं एक अख्खं गाव बर्फाच्या समुद्रात जाऊन पडलंय!”

झालं होतं असं की एका गावच्या बायांनी अक्षांशाच्या रकान्यात रेखांश आणि रेखांशाच्या रकान्यात अक्षांश लिहिला होता. ७७ अक्षांश आणि १८.७५ रेखांश म्हणजे नॉर्वेच्या पार उत्तरेला, स्वालबार्ड बेटांजवळचा गोठलेला समुद्र. आमच्या मारुतीच्या पारासमोरचा आड तिथं! हसू आलं, पण ही चूक सगळीकडं होते. आपण बोलताना अक्षांश आधी म्हणतो, पुष्कळदा संगणक मात्र रेखांश आधी मागतो. म्हणून रकान्यावर नाव ठळक लिहा आणि पहिली नोंद भरली की लगेच नकाशावर बघा.

काही ठिकाणं आफ्रिकेजवळच्या समुद्रात पडली. कारण काय, तर ज्या विहिरींचं लोकेशन मिळालं नव्हतं, तिथं कुणीतरी शून्य आणि शून्य लिहिलं होतं. शून्य अक्षांश, शून्य रेखांश ही जागा आफ्रिकेच्या पश्चिमेला समुद्रात खरोखर आहे. माहीत नसेल तर रकाना रिकामा ठेवायचा. शून्य म्हणजे ‘माहीत नाही’ असं संगणकाला समजत नाही.

तिसरी चूक जरा फसवी होती. जुन्या मोबाईलवर आकडा अंश आणि मिनिटांत येत होता, १८ अंश ४५ मिनिटं. आमच्या एका बाईनं ते वहीत १८.४५ असं लिहिलं. पण मिनिटं साठ असतात. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं, तसं ४५ मिनिटं म्हणजे पाऊण अंश. खरा आकडा १८.७५. एका अंशात साधारण १११ किलोमीटर असतात, म्हणजे या चुकीनं विहीर दक्षिणेला सुमारे ३३ किलोमीटर सरकली आणि उदगीरच्या बाजूला जाऊन बसली. ही चूक आकड्याकडं बघून पकडता येत नाही, कारण १८.४५ हा आकडाही लातूर जिल्ह्यातलाच वाटतो. नकाशावर ठेवलं तेव्हाच कळलं.

मग नावांचा घोळ. वडगाव, पिंपळगाव, हिप्परगा अशी एकाच नावाची गावं आपल्याकडं किती तरी आहेत. आणि एकाच विहिरीला पाटलाच्या वाड्यातले एक नाव घेतात, वस्तीवरचे दुसरं. त्यामुळं एक विहीर दोनदा लिहिली गेली आणि दुसऱ्या गावची एक विहीर आमच्यात आली. यावर उपाय असा की प्रत्येक महसुली गावाला सरकारनं दिलेला एक क्रमांक असतो, तो लिहायचा. आणि प्रत्येक विहिरीला आपला एक क्रमांक द्यायचा. नाव कितीही असोत, क्रमांक एकच.

शेवटची गंमत सांगतो. पोरीनं संगणकाला विचारलं, या विहिरीपासून ५०० च्या आत कोणकोणत्या विहिरी आहेत? उत्तरात पाचही गावांतल्या सगळ्या विहिरी आल्या. तिनं माप सांगितलंच नव्हतं, संगणकानं ते ५०० अंश धरले. सगळ्या पृथ्वीला वळसा घातला तरी ३६० अंशच होतात! मीटरमध्ये मोज असं सांगितलं, तेव्हा उत्तर ताळ्यावर आलं. आपण बाजारात नुसतं ‘पाच द्या’ म्हणत नाही, पाच किलो की पाव किलो ते सांगतो. तसंच इथं.

एवढं सगळं नीट केलं आणि आम्ही खूश झालो. यादी ग्रामपंचायतीला दिली, तिथून ती आराखड्याला लागली. आणि तरीही त्या बाईंचा अर्ज परत आला. कारण सगळ्यात मोठी चूक तशीच राहिली होती.

पिण्याच्या पाण्याच्या विहिरीचं लोकेशन ज्या दिवशी घ्यायचं होतं, तो मे महिन्यातला दिवस होता. ऊन मी म्हणत होतं. ओढ्याकाठी जायचं म्हणजे गावाबाहेर बरंच चालायचं. आमच्यातल्या दोघी गावातल्या पाण्याच्या टाकीखाली सावलीला बसल्या, मोबाईल काढला आणि तिथूनच विहिरीची नोंद भरून टाकली. पाणी विहिरीतून टाकीतच तर येतं, असं त्यांना वाटलं. आकडा बरोबर होता, रकाना बरोबर होता, गाव बरोबर होतं. जागा तेवढी चुकली होती. नकाशावर पिण्याच्या पाण्याची विहीर गावाच्या मधोमध आली आणि तिथून त्या बाईंचं रान ३८० मीटरवर निघालं.

मैत्रिणींनो, ही चूक कुठलाच संगणक पकडू शकत नाही. बर्फातला आड तो पकडेल, समुद्रातली विहीर पकडेल. पण टाकीखाली नोंदवलेली विहीर त्याच्या हिशेबात अगदी व्यवस्थित असते. ती चूक फक्त तीच पकडेल, जी रोज त्या विहिरीवर जाते. आणि आम्ही त्या विहिरीवर जाणाऱ्या बायांना यादी कधी दाखवलीच नव्हती. लिहून घेतली, संगणकात भरली, वर पाठवली. खाली परत वाचून दाखवली नाही.

तेव्हा आम्हाला चावडी वाचन आठवलं. सातबारा गावात सगळ्यांपुढं वाचायचा, म्हणजे ज्याची जमीन तो उठून सांगेल की इथं माझं नाव चुकलंय. मग नकाशाचं चावडी वाचन का नको? आम्ही शाळेच्या ओट्यावर बसलो. मोठ्या कागदावर नकाशा काढून भिंतीला लावला. एकेक ठिकाण मोठ्यानं वाचलं. पहिल्या अर्ध्या तासातच एक म्हातारी आजी म्हणाल्या, “अगं, पाण्याची हीर टाकीखाली कशी दावली? मी सून म्हणून आले तवापासून ती वढ्याकाठीच हाय.”

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्या ओढ्याकाठी गेलो. ज्या दोघींनी टाकीखाली बसून नोंद केली होती, त्याच पुढं होत्या. त्यांना कुणी बोल लावला नाही. त्यांनी स्वतःच सांगितलं, म्हणून तर चूक सापडली. विहिरीच्या कठड्याजवळ मोकळ्या आभाळाखाली उभं राहून दोन मिनिटं थांबलो. लोकेशनला रेंजपेक्षा आभाळ लागतं. झाडाखाली, पत्र्याखाली, घरात आकडा भरकटतो. मोबाईल किती मीटरचा फरक पडू शकतो तेही दाखवतो, तो आकडा लहान होईपर्यंत धीर धरायचा. तीन वेळा आकडा घेतला, वहीत लिहिला, फोटो काढला. त्या बाईंच्या रानातही तसंच केलं. अंतर निघालं ९४० मीटर.

आता दुरुस्ती कशी करायची? आम्हाला वाटलं, जुनी नोंद खोडून नवी लिहावी. पण पोरगी म्हणाली, खोडू नका. तिचं म्हणणं तलाठ्याकडच्या फेरफारासारखं होतं. जमिनीवर नाव बदलतं तेव्हा गाव नमुना ६ मध्ये फेरफाराची नोंद होते, क्रमांक पडतो, कारण लिहिलं जातं, जुनं नाव शोधलं तर सापडतं. तसंच आम्ही केलं. जुना आकडा कोणता, नवा कोणता, कुणी बदलला, कोणत्या तारखेला, का बदलला, हे सगळं लिहिलं. पुढं कुणी विचारलं की आधी वेगळं होतं, आता वेगळं कसं, तर उत्तर तयार. आणि दर महिन्याला सगळ्या माहितीची एक प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवतो, वर तारीख घालून. एकाच मोबाईलमध्ये सगळ्या गावाची माहिती ठेवणं म्हणजे बियाणाचं सगळं धान्य एकाच कणगीत ठेवण्यासारखं आहे.

तारखेचं महत्त्व आपल्या लातूरच्या माणसांना वेगळं सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर किल्लारीला भूकंप झाला. हजारो माणसं गेली. लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावं नव्या जागेवर बसवली. म्हणजे किल्लारी नावाचं गाव एका ठिकाणी होतं, ते दुसऱ्या ठिकाणी गेलं. शेतं जुन्याच जागी, घरं नव्या जागी. आता कुणी ‘किल्लारी’ म्हणून नकाशावर एक ठिपका दिला, तर तो कुठला? जुना की नवा? तिथं नुसतं नाव पुरत नाही, कधीचं तेही लिहावं लागतं. त्या पुनर्वसनात सरकार आणि गाव यांच्यात दुवा म्हणून गावोगावच्या बाया संवाद सहायक झाल्या होत्या. घर कुठं हवं, कसं हवं, हे त्यांनी विचारलं आणि सांगितलं. ठिकाणाची माहिती बायांकडं असते, हे आपल्या भागानं तेव्हाच बघितलं आहे.

जुन्या नकाशांचंही एक सांगायला पाहिजे. जुन्या सर्वेक्षणाचे नकाशे वेगळ्या हिशेबानं काढलेले आहेत. ते आजच्या मोबाईलच्या लोकेशनवर तसेच ठेवले, तर आपल्याकडं शंभर मीटरहून जास्त फरक पडतो. शंभर मीटर म्हणजे एका गटातून दुसऱ्या गटात. म्हणून जुना नकाशा आणि नवं लोकेशन जुळत नसेल, तर लगेच शेजाऱ्याशी बांधावरून भांडू नका. नकाशाचा हिशेब कोणता, ते जाणत्या माणसाला विचारा. आणि बांधाचा निकाल मोबाईलवर होत नसतो, त्याला सरकारी मोजणीच लागते.

हे सगळं तुम्हाला का सांगतो? कारण आता आपलं जगणंच लोकेशनवर आलं आहे. रोजगार हमीच्या कामाचे फोटो लोकेशनसकट चढतात. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली, पिकाची नोंद रानात उभं राहून मोबाईलवर करायची. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणाची मोजणी होऊन घराची मिळकत पत्रिका मिळते. तुमच्या गावात मोजणी होणार असेल तर आधी दवंडी होते, त्या दिवशी घराची हद्द दाखवायला स्वतः हजर राहा. मालकांवर, दिरावर सोडू नका. मिळकत पत्रिकेवर आपलं नाव लागलं का ते बघा. सातबाऱ्यावर नवऱ्याबरोबर बायकोचं नाव लावायची लक्ष्मी मुक्ती योजना आपल्या राज्यात १९९२ पासून आहे, तिची चौकशी करा.

एक सावधगिरीही बाळगा. पाण्याची ठिकाणं सगळ्यांना दिसली तर चालेल, दिसलीच पाहिजेत. पण एकटी राहणारी बाई कुठल्या घरात आहे, तिचा फोन नंबर काय, हे सगळ्यांच्या मोबाईलवर जाता कामा नये. आम्ही त्या नोंदी वेगळ्या वहीत ठेवल्या, ती वही ग्रामसंघाच्या पेटीत असते.

आणि नकाशात काय काय घ्यायचं तेही आपणच ठरवायचं. पुरुष मंडळींनी काढलेल्या नकाशात चावडी, सोसायटी, देऊळ असतं. आम्ही धुण्याचा घाट घातला, दिवा नसलेला पाणंद रस्ता घातला, पोरी शाळेला जाताना लागणारा ओढा घातला. ग्रामसभेत तो कागद भिंतीवर लावला, तेव्हा दिव्याचा ठराव पहिल्यांदा झाला.

त्या बाईंचा अर्ज नव्या लोकेशनसह, ग्रामसभेच्या ठरावासह पुन्हा गेला. साहेब स्वतः जागेवर येऊन अंतर बघून गेले. मंजुरी आली, पण तोवर पाऊस पडला होता, खोदकाम पुढच्या उन्हाळ्यावर गेलं. एक रब्बी हातची गेली. त्या आम्हाला काही बोलल्या नाहीत, पण आम्ही ते विसरलेलो नाही. आता त्या विहिरीला परसाला पाणी लागलं आहे. आणि आमच्या पाण्याच्या नकाशाची वही आता त्याच बाई सांभाळतात. नोंद घ्यायला कुणी आलं की पहिला प्रश्न त्या हाच विचारतात, “तिथं उभी राहून घेतलीस ना?”

तुमच्या पुढच्या गटाच्या बैठकीत एवढंच करा. गावातल्या पाण्याच्या पाच ठिकाणांची नावं काढा, दोघी-दोघी मिळून तिथं जा, लोकेशन घ्या, तारीख घाला आणि बैठकीत मोठ्यानं वाचा. एखादी आजी नक्की उठून म्हणेल, अगं, ती हीर तिथं नाही. तिचं ऐका.